सुईचं लाल टोक

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. देऊळघाटला आठ दिवसांच्या सुट्टीवर आलो आणि दुसऱ्याच दिवसापासून पायाला भिंगरी लागल्यासारखा गावभर फिरू लागलो. आई म्हणायची, "घरात पाय टिकत नाही तुह्या, मंग आला काऊन?" तिला काय सांगणार? येत्या सोमवारी मुंबईत माझे सर एका परिषदेत आमचा निकाल वाचणार होते, आणि त्यात माझी दोन वर्षं गेली होती.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होतो. काम सांगायला सोपं, करायला जीवघेणं. काही अणूंचं केंद्रक म्हणजे एक इवलासा लोहचुंबक. एरवी उष्णतेमुळे ही केंद्रकं वाट्टेल तिकडे तोंड करून असतात. पण अतोनात गार केली आणि बाहेरून मोठं चुंबक लावलं, की गव्हाणीपुढे बैल उभे राहावेत तशी ती एका दिशेला तोंड करतात. मग त्यांच्यातून सुटणारे बीटा कण मोजायचे: चुंबकाच्या दिशेनं किती, उलट दिशेनं किती. त्यावरून त्या इवल्या चुंबकाचं बळ कळतं, आणि त्याचं चिन्ह धन की ऋण तेही. आमच्या केंद्रकाचं चिन्ह तोवर कुणीच ठरवलेलं नव्हतं. आम्हाला धन मिळालं होतं.

हे चिन्ह सर्वस्वी मोठ्या चुंबकाच्या दिशेवर अवलंबून. ती दिशा मी होकायंत्रानं पाहिली होती. गावात मशिदींची कामं करणारे एक गवंडी होते, आमच्या वडिलांचे दोस्त. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मी मुंबईला निघालो तेव्हा त्यांनी मशिदीची दिशा ठरवायचं स्वतःचं होकायंत्र माझ्या हातात ठेवलं होतं. प्रयोगशाळेत चांगली यंत्रं होती, पण मला मिरवायचं होतं. सुईचं लाल टोक जिकडे वळलं तिकडे मी चुंबकावर रंगानं बाण काढला आणि मोकळा झालो.

शनिवारी चाचा नव्या मशिदीचा पाया आखायला निघाले होते. मी खिशातून ते होकायंत्र काढून मोठ्या ऐटीत त्यांना दिलं. ते घेऊन ते आधी जुन्या मशिदीकडे वळले. काम सुरू करण्याआधी जुन्या भिंतीला टेकवून सुई पारखायची, ही त्यांची रोजची रीत. ती भिंत नीट उत्तर-दक्षिण होती. लाल टोक उत्तरेला, मोताळ्याकडे जायला हवं होतं. ते दक्षिणेला, देऊळगाव राजाकडे वळून थांबलं.

"सुई उलटी झाली बे," चाचा शांतपणे म्हणाले. "मोठ्या चुंबकापाशी ठेवली असशील, होते तसं. तुले देली तवा सीधी होती. तिथं काम लावायच्या आधी कशाले तरी लावून पाह्यली होती का नाही?"

"नाही."

"काऊन?"

मी होकायंत्र घेऊन पुन्हा भिंतीला लावून पाहिलं. होकायंत्र कित्येक आठवडे त्या चुंबकाशेजारच्या टेबलावर पडून होतं. सुई फिरली ती बाण काढण्याआधी की नंतर? नंतर फिरली असेल तर आमचं चिन्ह बरोबर. आधी फिरली असेल तर साफ उलटं. चुंबकाच्या तारा कशा जोडल्या होत्या ते मी वहीत लिहिलंच नव्हतं, आणि दुसऱ्या कामासाठी त्या केव्हाच सोडवल्या होत्या. पुन्हा सगळं मोजल्याशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं.

मोटार येईना, म्हणून बुलढाण्याला चालतच निघालो. गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे? हा विचार वाटेत दहा वेळा आला, आणि प्रत्येक वेळी माझी मलाच चीड आली. तार ऑफिसात पोचलो तेव्हा शर्ट घामानं चिंब झाला होता. सरांना तार केली: चिन्ह खात्रीचे नाही, वाचू नये.

सरांनी परिषदेत चिन्ह वाचलं नाही. चार लोकांना आधीच सांगून बसले होते, त्यांच्यासमोर नुसतं बळ सांगून खाली बसले. मी परतलो तेव्हा मला एका शब्दानंही बोलले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. गार करायला लागणारं हेलियम मिळवून सगळं पुन्हा मोजेपर्यंत पुढचा हिवाळा उजाडला. चिन्ह धनच आलं.

त्याच आठवड्यात परदेशातलं एक नियतकालिक आलं. तिथल्या लोकांनी तेच केंद्रक मोजून तेच चिन्ह आमच्या आधी छापलं होतं. सरांनी अंक माझ्यापुढे ठेवला.

"मला तेव्हा खात्री नव्हती, सर," मी म्हणालो.

"मला होती," सर म्हणाले. "तुझी."