कुंकू न घेणारा रुपया

हे गेले तो दिवस गुरुवार होता. सकाळी साडेदहाला गेले. दुपारी पोस्टमनने आंतरदेशीय पत्र आणले. पत्र यांच्या नावाचे होते.

ते मी पंधराव्या दिवशी फोडले. मुक्ताईनगरजवळच्या एका खेड्यातून कोणा नानांनी लिहिले होते : ‘आपण विचारलेला जर्मन रुपया आमच्या देवघरात आहे. येऊन पाहावा.’

हे धुळ्यात शाळेत इतिहास शिकवत आणि नोटा जमवत. त्याही पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीच्या. तिथे रुपयाच चाले. पहिल्या महायुद्धात समुद्र अडवला गेला, जर्मनीहून नोटा येईनात, तेव्हा तिथल्या साहेबांनी मिळेल त्या कागदावर स्वतःच छापल्या. शेवटी जंगलात पळता पळता रबरी शिक्क्यांनी छापल्या. “सरकार पळतंय आणि पैसे छापतंय,” असे म्हणून हे एकटेच हसत. यांच्याकडे अकरा नोटा होत्या. ती जंगलातली मात्र नऊ वर्षे पत्रे लिहूनही मिळाली नव्हती. यांनी आयुष्यात अर्धवट सोडलेली तेवढी एकच गोष्ट, म्हणून ती आपण पुरी करायची असे मी ठरवले. नानांना कळवले : ‘मी येईन. तोवर रुपया कृपया जपून ठेवावा.’

मार्गशीर्षात एसटीने निघाले. पिशवीत अल्बम, भिंग आणि यांचा चिमटा. नोटेला बोट लावायचे नाही, असा यांचा दंडक होता. मलाही नऊ वर्षांत लावू दिले नव्हते.

पारोळ्याला शेजारी एक बाई येऊन बसली. माझ्या मांडीवरच्या अल्बमकडे बोट करून म्हणाली, “ताई, लगीनना फोटू शेतस का? दखाडा ना (दाखवा ना).”

मी दाखवला. तिने चार पाने उलटली. नवरा दिसेना, नवरी दिसेना.

“ह्या नोटा बजारमा चालतस का?”

“नाही.”

“मंग काबर लई फिरी राह्यनात (मग कशाला घेऊन फिरताय)?”

हाच प्रश्न मी यांना अनेकदा विचारला होता. तिने मला शेंगा दिल्या. बहुधा दया आली असावी.

जळगावला गाडी बदलली. मी मुक्ताईनगर मागितले, मागच्या म्हाताऱ्याने एदलाबाद मागितले. मी घाबरून विचारले, तेव्हा कंडक्टर म्हणाला, “एकच गाव आहे, ताई. ते जुन्या गावाला चाललेत, तुम्ही नव्या.” भुसावळ गेले, वरणगाव गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागल्या. कोरड्या धुळ्याच्या माणसाला एवढे हिरवे एकदम पाहिले की डोळे निवतात आणि थोडा रागही येतो.

नाना फाट्यावर बैलगाडी घेऊन उभे होते. साठीचे, उंच, नव्या धोतरातले. घरी पोचल्यावर आधी जेवण. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). भरिताने डोळ्यांत पाणी आले. नानांच्या सुनेला वाटले मी रडते आहे. तिने घाईने आणखी वाढले.

मग नानांनी देवघरातून तबक आणले. मी हात धुतले, पुसले, चिमटा काढला.

तबकात प्लास्टिकची चकचकीत पाटी होती. आत रुपया.

“तुम्हीच लिहेल व्हतं ना, जपून ठेवा?” नाना म्हणाले. “मंग मी खास जयगावले (जळगावला) गेलो. लॅमिनेशन करून आनलं. आता पान्यात टाका, काही व्हत नाही.”

मी भिंग लावले. कागदाच्या चारही कडा सरळ होत्या. पळत्या सरकारच्या मानाने फारच सरळ.

“झिजेल व्हत्या कडा,” नाना अभिमानाने म्हणाले. “दुकानवाल्यानं कात्रीनं नीट करून देल्या. त्याचे पैसेबी नाही घेतले.”

माझा चिमटा तसाच हवेत राहिला. हे असते तर तिथेच बसले असते. यांचा चेहरा मला दिसला आणि मी हसले. तोंडावर पदर धरला तरी थांबेना. हे गेल्यापासूनचे ते पहिले हसू.

कोपऱ्यात नानांची आई बसली होती. ऐंशी ओलांडलेली. तिचा सासरा भुसावळहून रेल्वेच्या कामगारांबरोबर युद्धात आफ्रिकेला रूळ टाकायला गेला होता; रुपया त्याने आणलेला. मागच्या बाजूला जर्मन गरुड. या घराने तो विष्णूचा समजून दर लक्ष्मीपूजनाला पुजला.

“हास, माय, हास,” म्हातारी म्हणाली. “यानं देवाले रेनकोट घातला! दिवायीले कुंकू लावलं, तं घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. देव आता आमचं काही घेतच नाही.”

“माय, पाहुनी हाये,” नाना पुटपुटले.

“पाहुनीलेच देऊन टाक मंग. इतक्या लांबून आली.”

“अन पूजेले काय ठेवशील? बँकेची नवी नोट ठेवू?”

“तिच्यावर गरुड हाये का?”

मी ज्यासाठी आले ते समोर होते, आणि ते उचलले तर या घरचे लक्ष्मीपूजन अडणार होते. ठेवले तरी कुंकू घसरणारच होते, माझ्या पत्रामुळेच.

मी अल्बम उघडला. तिसऱ्या पानावर एक रुपयाची नोट होती, यांची सगळ्यात लाडकी, सुरकुतीसुद्धा नसलेली. मी ती चिमट्याने काढली आणि उलटी करून म्हातारीच्या तळहातावर ठेवली.

तिने ती उजेडाला धरली. “तोच व माय! याचे तं पंखबी शाबूत हायेत.”

आणि मी काही म्हणायच्या आत तिने बोट पाण्यात बुडवले, करंड्यात बुडवले आणि गरुडाच्या छातीवर दाबले. माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो मागे घेतला.

“धरलं!” म्हातारी म्हणाली. कागदाने कुंकू शोषून घेतले होते. ती लहान मुलीसारखी सगळ्यांना दाखवत होती. नाना माझ्याकडे बघेनात. नुसते तबकातली पाटी आणि केळ्यांची फणी माझ्या पिशवीत कोंबत राहिले.

परतीच्या गाडीत मी ती पाटी उघड्या हाताने धरून बसले होते. धुळ्याला पोचल्यावर कळले की ती अल्बमच्या कप्प्यात मावत नाही. कापून मावली असती. पण तिची एकदा कापाकापी झालीच आहे.

यांच्या दहा नोटा कपाटात आहेत. प्लास्टिकातली नोट मी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवते. सध्या ती एकशे बेचाळिसाव्या पानावर आहे.