आईने आधी भरलेली ओटी

खरं सांगायचं तर माझा सुयांवर विश्वास नव्हता आणि नवसावर तर मुळीच नाही. पण पीसीओडीने माझी पुरती वाट लावली होती. गोळ्या घेतल्या की पाळी यायची, बंद केल्या की महिनोन्‌महिने दडी मारायची. मूल हवं होतं, आणि प्रत्येक बारशाला मी खोटं हसून दमले होते. शेवटी माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून मुलुंडच्या एका अ‍ॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टरीणबाईंकडे जायला लागले. "गुण येईलच असं नाही हं, बघूया," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. घोट्यापाशी आणि पोटावर बारीक सुया टोचून त्या मला पडून राहायला लावत. मी डोळे मिटून देवीला चक्क धमकावत असे: नवरात्रापर्यंत गोळीशिवाय पाळी आली, तर माझ्या हाताने तुझी ओटी भरीन, नाही तर तुझं तोंड पाहणार नाही!

नवरात्र आलं, पाळी काही आली नाही. तरी मालवणच्या माझ्या सासूबाई दरवर्षीप्रमाणे मला देवळात घेऊन गेल्याच. त्या दिवसाचा रंग पिवळा, त्यामुळे रांगेत सगळ्याच पिवळ्या साड्या. खण-नारळाचं ताट घेऊन मी फुरंगटून उभी होते. इतक्यात मागची एक अनोळखी बाई कानाशी पुटपुटली, "ताई, साडीला लागलंय तुमच्या."

"काय सांगता! खरंच?" मी एवढ्या जोरात ओरडले की अर्धी रांग वळली. साडीवरच्या डागाने इतका आनंद झालेली बाई तिने कधी पाहिली नसेल! तिने पर्समधून पॅड काढून दिलं आणि मला आडोशाला नेलं. बाहेर आले तेव्हा कुठे लक्षात आलं, आता गाभाऱ्यात कशी जाऊ? माझ्या हाताने भरणार होते ना? नवसाचं मी तिला काहीच बोलले नव्हते. तिने आपणहून ताट घेतलं. "द्या इकडे. तुमच्या नावाने मी भरते ना."

मी कठड्यापाशी रडत, हसत उभी राहिले. ती परत आली आणि प्रसादाचा नारळ माझ्या पदरात घालू लागली. मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. घरी पाळीत लोणच्याच्या बरणीलाही हात लावू न देणाऱ्या त्या! पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"घे गो, घे. तू आईची ओटी भरूक इलंस, आणि आईन आधी तुझीच भरल्यान!"

आभार मानायला वळले, तर ती बाई पिवळ्या गर्दीत कुठे मिसळली कळलंच नाही. गुण सुयांचा की देवीचा, हा वाद मी घालत नाही. सुया चालू आहेत, तपासण्याही चालू आहेत, पुढचं आई जाणे. एवढंच कळलं, की हट्टाने धरलेलं ते ताट सोडलं, म्हणून पदर पसरायला माझे हात मोकळे झाले.