कूलर बंद केल्यावरचा आवाज

दिवाळीच्या साफसफाईत कूलर पुसला, खसच्या ताट्या काढून टाकल्या, वरून जुनी चादर बांधली आणि हात धुऊन कामाला बसले, तर सूं आवाज चालूच. मी वैतागले. उन्हाळाभर त्या आवाजानं माझं डोकं खाल्लं होतं. पावसाळ्यात पाणी न भरता नुसता पंखा लावायचो तेव्हाही खाल्लं होतं. आणि आता कूलर चादरीत गेला तरी हा आहेच. नागपुरात कशाचंही खापर कूलरवर फोडायची आमची सवय आहे. ऐकू आलं नाही, कूलर. झोप लागली नाही, कूलर. शेजारीण दारातून हाका मारमारून परत गेली, कूलर. "आधी कूलर बंद कर, मग बोल" हे वाक्य आमच्या घरात जितक्या वेळा निघतं तितक्या वेळा देवाचं नावसुद्धा निघत नसेल.

कूलर नाही म्हटल्यावर संशय गेला कॉम्प्युटरवर. नवऱ्याचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान आहे, तिथून रिटायर होऊन हा डबा घरी आला आणि टेबलाखाली घरघरत बसला. त्याच्या पाठीमागच्या भोकात हेडफोन खुपसून मी काम करते. माझं काम ऐकण्याचं आहे. एक कंपनी विदर्भातल्या गावोगावच्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून आणते, आणि ते जसं आहे तसं मी टाइप करून देते. माणूस "मी जाऊन राहिलो" म्हणाला तर तेच लिहायचं, "मी जात आहे" असं सुधारून ठेवायचं नाही.

मी नागपूरजवळच्या खाप्याची. कॉलेजसाठी नागपुरात आले तेव्हा माझं मले-तुले ऐकून धरमपेठेतल्या मुली तोंडावर ओढणी धरून हसायच्या, म्हणून ते मी घासून घासून काढलं. आणि पन्नाशी उलटल्यावर कोणाला तरी नेमकं तेच हवं होतं. घर, सासूचं आजारपण, दुकानाच्या माणसांचा चहा, एवढ्यातच आयुष्य गेलेल्या बाईला स्वतःचं म्हणून एक टेबल मिळालं होतं. ते काम गेलं असतं तर घर काही अडलं नसतं, पण मी अडले असते.

आणि ते जायच्या बेतात होतं. पुण्याहून एक मुलगी आमचं काम तपासते. तिचा फोन आला. "काकू, एका फाइलमध्ये तुम्ही लिहिलंय, न्हाणीतून हात निंगाला. हात कसा निघेल हो? साप आहे तो, साप!" ती हसली, मीही हसले. मग तिनं आवाज जरा खाली आणून सांगितलं की अशा चुका वाढल्यात, 'अस्पष्ट' अशा खुणाही फार येतायत, वरचे लोक विचारतायत, असंच राहिलं तर तुमच्या फाइल्स दुसऱ्यांना द्याव्या लागतील. खाप्याच्या बाईला न्हाणीतला साप कळू नये! फोन ठेवला आणि मला रडू आलं. सगळा दोष त्या डब्याचा, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मग शोध सुरू झाला. इंटरनेटवर सगळे जण एकमुखानं सांगत होते की कॉम्प्युटरच्या पोटात बाकी यंत्रांची खरखर आवाजात मिसळते, म्हणून बाहेरून लावायची वेगळी डब्बी घ्या, तिला डॅक म्हणतात, ती आवाज स्वच्छ करून हेडफोनला देते. इथपर्यंत समजलं. पुढे जे बिट, ऑप्टिकल, बॅलन्स्ड वगैरे सुरू झालं, त्यानं माझे डोळे जड झाले. एक जण म्हणायचा स्वस्तातली घ्या, फरक कोणालाच कळत नाही. दुसरा म्हणायचा स्वस्तातली घेण्यापेक्षा घेऊच नका. वाचून वाचून मी इतकी थकले की स्वयंपाकघरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळेनासं झालं. तोही दोष मी वाचनालाच दिला.

"काय पाहून राहिली वं सकाळपासून?" नवऱ्यानं विचारलं.

"डॅक."

"डाक? पोस्टाची?"

"डब्बी हो, आवाजाची!"

"मंग डब्बी म्हण नं. डाक काहून म्हणतं?"

तेव्हापासून घरात ती डब्बीच झाली. आम्ही दोघं सीताबर्डीला गेलो. दुकानदार गिऱ्हाइकांत बुडालेला होता. मी इतकं वाचून गेलेली, पण तोंडातून निघालं काय, तर "कॉम्प्युटरच्या आवाजाचा कन्वर्टर". त्यानं मागं न बघता एक खोकं काढून दिलं. घरी येऊन उघडलं तर त्याला टीव्हीमागं असतं तसलं चौकोनी भोक, कॉम्प्युटरला कुठून लावणार, डोंबल! दुसऱ्या दिवशी परत गेले तर म्हणतो, "मॅडम, आपने कन्वर्टर बोला, ये कन्वर्टरही तो है." त्याचं खोटं नव्हतं. तोंड वाकडं करत त्यानं ते ठेवून घेतलं आणि बोटभर वायरसारखं एक शेपूट दिलं, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक.

शेपूट लावलं. सूं तसाच. लोकांनी लिहिलं होतं, आवाजावरचं फडकं काढल्यासारखं वाटतं. माझ्यावरचं फडकं काही निघालं नाही.

मग मी इरेला पेटले आणि ऑनलाइन तिसरी मागवली. बजेटातली, पण बऱ्यापैकी, अॅल्युमिनियमची, समोर आवाज कमीजास्त करायचं गोल बटण असलेली. नवऱ्यानं ती आधी हातात तोलून पाहिली, मग कापडाचा पोत पाहतात तशी दोन बोटांत चोळली. "माल चांगला आहे," म्हणाला. त्याच्या जगात जे जड ते चांगलं. मी ती लावली, हेडफोन चढवला, डोळे मिटले. सूं. मी डोळे उघडलेच नाहीत बराच वेळ. चिडायलाही अंगात जोर राहिला नव्हता.

इलेक्ट्रिशियन येऊन अर्थिंग पाहून गेला. म्हणाला, सगळं ठीक आहे. मी डब्बी या प्लगमधून त्या प्लगमध्ये, टेबलाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवली. नवरा आठवडी सुट्टीचा घरीच होता. मी म्हटलं, "तुम्ही ऐका बरं. सांगा, येतो की नाही सूं?"

त्यानं हेडफोन लावला, छताकडे पाहत राहिला. "मले तं काही सूं-बिं नाही येऊन राहिलं."

"नीट ऐका."

"नीटच ऐकून राहिलो. नाही आहे वं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याचे कान गेले! जन्मभर गांधीबागेत या फळीवरून त्या फळीवर ओरडून माल मागवला, फोनवर व्यापाऱ्यांशी आरडाओरडा केला, दारासमोर हातगाड्यांचे हॉर्न, कान राहतीलच कसे? शिवाय हल्ली हा बोलायचाही किती पुटपुटत. माझं मलाच पटत गेलं. मी त्याला सांगितलं की तुमचे कान तपासायला हवेत. त्यानं आधी उडवून लावलं. मग मी रोज धोशा लावला. शेवटी "चाल बाप्पा, तुझ्या मनाचं होऊन जाऊ दे" म्हणत त्यानं स्कूटर काढली.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी त्याचे कान पाहिले, तपासणी करवून घेतली आणि म्हणाले, उत्तम आहेत, या वयात एवढे चांगले कान फारसे दिसत नाहीत. नवऱ्याची छाती फुगली. "आता आलोच आहो तं हिचेही पाहून घ्या नं डॉक्टरसाहेब, नाहीतं घरी गेल्यावर म्हणन का मशीनच खराब होती." सगळे हसले. मीसुद्धा हसत हसत उठले.

तपासणीची खोली म्हणजे कपाटाएवढी जागा, भिंतींना मऊ गाद्या, जाड दार. दार लागलं आणि बाहेरचं सगळं तुटलं. पंखा नाही, रस्ता नाही, टेबलाखालचा डबा नाही. आणि सूं होता. माझ्याबरोबरच आत आला होता, किंवा कधीचा माझ्याच आत बसलेला होता. आवाज आला की दाबायचं बटण माझ्या हातात होतं, आणि काचेपलीकडची मुलगी खुणेनं विचारत होती, येतोय का? मी मान हलवली नाही, बटणही दाबलं नाही. तिनं पुन्हा खूण केली.

डॉक्टरांनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. बारीक, वरच्या पट्टीचे आवाज मला येत नाहीत, स, श, फ असले. बाकी बोलणं येतं, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळं ऐकू येतंय, आणि जे राहतं ते मन आपलंच काहीतरी घालून भरून काढतं. कानातला सूं त्यातूनच येतो. कानाला यंत्र लावा, बोलणं पुष्कळ स्पष्ट ऐकू येईल. सूं पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही, सवय होते. ते चांगलं बोलत होते, सावकाश, माझ्याकडे तोंड करून. मी मान डोलावत होते आणि मनात फक्त एकच चाललं होतं, आता माझं टेबल गेलं. नवऱ्यानं बाहेर आल्या आल्या "म्हनजे नापास तू झाली!" म्हणून चिडवलं, पण माझं तोंड पाहून स्कूटर काढायला गेला. घरी येईपर्यंत स्कूटरवर तो काही बोलला नाही, किंवा बोलला असेल तर मला ठाऊक नाही.

संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. काहीतरी कारण सांगता आलं असतं, कॉम्प्युटर बिघडलाय, गावाला जायचंय. पण थापा मारायचाही कंटाळा आला होता. म्हटलं, "बेटा, रेकॉर्डिंग चांगलं आहे. मशीनही चांगलं आहे. माझा कान गेलाय." ती म्हणाली, "काकू, असं नका म्हणू. यंत्र बसवा, सवय होऊ दे, मग आपण एक फाइल करून पाहू. तोवर मी नवीन देत नाही. तुमच्याकडे आहे ती एक मात्र उद्यापर्यंत लागेल हो, दुसरं कोणी मोकळं नाहीये." मी बरं म्हटलं. पोरगी गुणाची, तिचा काय दोष.

ती शेवटची फाइल उघडून मी तशीच बसले. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ वरखाली होत होती. एक म्हातारी वाळवणाबद्दल सांगत होती, एवढं कळत होतं, पण शब्द हातात येता येता निसटत होते. नवरा दुकान बंद करून आला, खुर्ची ओढून शेजारी बसला आणि माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर चढवला.

"तू लिह. मी सांगतो."

"तुम्हाला जमणार नाही. शब्द न् शब्द लागतो."

"काहून नाही जमन? दिवसभर दुकानात दुसऱ्यायचंच तं ऐकतो."

मग तो ऐकायचा, थांबवायचा, माझ्याकडे तोंड वळवून मोठ्यानं म्हणायचा आणि मी टाइप करायची. आधी त्यानं फार घोळ घातला. म्हातारीच्या बोलण्यात स्वतःचं घुसडायचा. "ही बाई चुकीचं सांगून राहिली, सरगुंड्यायले असं नाही करत."

"तुमचं मत नको, ती काय म्हणते ते सांगा!"

"सांगूनच तं राहिलो. 'पोरीहो, पीठ कसं पाह्यजे, हाताले लागलं नाही पाह्यजे.' लिहिलं?"

"लिहिलं."

"'मंग मी एकटीच करत बसो.' लिहिलं?"

"लिहिलं. पुढं."

हळूहळू त्याला लय सापडली. घाई कमी झाली, मत देणं थांबलं. म्हातारी हसली की तो म्हणायचा "हासली", खोकलली की "खोकली", आणि मी त्या त्या खुणा टाकायची. बऱ्याच दिवसांनी माझी बोटं न अडखळता चालत होती. अर्धी फाइल झाली असेल. तो मधेच थांबला, डब्बीचं गोल बटण थोडं फिरवलं, आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

"काय साफ येऊन राहिलं वं! बाईचा श्वाससुद्धा येऊन राहिला. मागं कुठं तरी चिमण्या आहे, त्याही येऊन राहिल्या. ऐक, ऐक, तूही ऐक एकदा." आणि हेडफोन काढून माझ्यापुढे धरला.

हात पुढे केल्यावर त्याच्या लक्षात आलं. हेडफोन तसाच हवेत राहिला. मागे घ्यावा की द्यावा, त्याला कळेना. चिमण्यांचं मला माहीतच नव्हतं. किती फाइल्समध्ये असतील कोण जाणे.

मी तो त्याच्या हातातून घेतला आणि परत त्याच्या डोक्यावर नीट बसवला.

"पुढचं सांगा," म्हटलं, "आणि चिमण्या कुठं आल्या तेही सांगा. लिहावं लागतं ते."