बारक्या आणि बिनदाराची घरं

सत्यशीला जरा वेळ एका जागी बसली की गहिनीनाथ विचारायचा, "बरं न्हाई का वाटत?" शनिशिंगणापुरात त्या दोघांचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान. नवरा निवांत बसून गिऱ्हाईक बघणार आणि ही बाई बाटल्या पुसणार, रस्ता झाडणार, पुन्हा त्याच बाटल्या पुसणार. माहेर पाथर्डीकडचं. आईबाप ऊसतोडीला जायचे, अर्धं वर्ष फडावर पाचटाच्या कोपीत, अर्धं गावात, म्हणून बूड टेकवायची सवयच लागली नाही असं ती सांगते. आता हे काही खरं नाही. तिच्या बहिणीही त्याच कोपीत वाढल्या आणि त्या चांगल्या मांडी घालून बसतात. हिच्या अंगातच वारं, दुसरं काय!

तशात तिला भेटला बारक्या. काळाकुळकुळीत गावठी कुत्रा, पिलू असताना दुकानामागच्या खोक्यांत सापडलेला. त्याला रेबीजची सुई द्यायला ती नगरला घेऊन गेली आणि तिथंच घोळ झाला. डॉक्टर अश्विनीबाईंच्या दवाखान्यामागं मैदान होतं. तिथं कुत्री दांड्यांवरून उड्या मारत होती, बोगद्यातून पळत होती, रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी निघत होती आणि शेजारून मालक हात दाखवत धावत होते. सत्यशीला बघतच राहिली.

"ह्याला अजिलिटी म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दांडी पडली नाही, कुठं अडलं नाही, आणि वेळेत आलं, तर फेरी बिनचूक. पण तुमचं गावठी आहे. त्यांचं लक्ष टिकत नाही हो."

झालं. एवढं वाक्य पुरे झालं तिला. बारक्याची एक तरी बिनचूक फेरी झाल्याशिवाय गप बसायचं नाही, असं तिनं तिथंच ठरवलं. गप बसणं तसंही जमत नव्हतंच.

दुकानामागच्या पडीक तुकड्यात तिनं ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या दांड्या केल्या, बांबू रोवले, पत्र्याच्या पिंपांची बुडं कापून बोगदा केला. पहाटे ती पळायची आणि बारक्या पळायचा. गहिनीनाथ चहा पीत म्हणायचा, "लोकं इथं साडेसाती घालवाया येत्यात, आन् तू इकत घेतलीस." पण पिंपं कापून त्यानंच दिली होती.

पहिली स्पर्धा नगरलाच, रविवारी. आणि शनिवारी शिंगणापुरात काय असतं ते सांगायला नको. काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की पीडा टळते, असं मानणारी माणसं गाड्या भरभरून येतात. सत्यशीला दुकानात गुंतलेली आणि बारक्या गावभर पुण्य वाटत फिरलेला. रविवारी पहिल्या दांडीपाशी तो गेला, मान खाली घातली आणि सगळी साडेसाती तिथंच ओकला. लोक हसले. ती नाही हसली. तेव्हापासून शनिवारी बारक्या गोठ्यात बांधलेला असायचा.

दुसरी स्पर्धा पुण्याला. तिथं बारक्या असा सुटला की बघायला आलेल्या डॉक्टरीणबाईसुद्धा उभ्या राहिल्या. दांड्या झाल्या, काठ्या झाल्या आणि बोगदा आला. ह्या बोगद्याच्या तोंडावर कापड सोडलेलं होतं. डोक्यानं कापड सारून आत शिरायचं, एवढंच. बारक्या कापडापुढं आला आणि शहाण्यासारखा बसला. तिनं हात दाखवला, हाक मारली, शेवटी विनवण्या केल्या. तो शेपटी हलवत बसून राहिला. पंचांनी शिट्टी मारून बाद केलं.

येताना टेम्पोत ती त्याच्याकडं पाठ करून बसली. घरी आली, पडदा सारून आत गेली, वळून बघितलं तर बारक्या बाहेर तसाच बसलेला. शेपटी हलवत. आणि तिनं कपाळावर हात मारला.

कारण हे तिनंच शिकवलं होतं. शिंगणापुरातल्या जुन्या घरांना दारं नसतात. चौकट असते आणि तिला पडदा. बारक्या पिलू असताना शेजारच्या झुंबरबाईंच्या घरात शिरला होता आणि भाकरीची दुरडी रिकामी करून आला होता. झुंबरबाईंनी गल्ली डोक्यावर घेतली. "आमच्या गावात कुनाची काडी जात न्हाई, आन् तुझं कुत्रं चोर निघालं!" सत्यशीलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं काठी आपटून, दटावून, पिलाच्या डोक्यात बसवलं की लोंबतं कापड म्हणजे भिंत. कुणी कापड उचलून धरल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बारक्या शिकला. इतका पक्का शिकला की गावात त्याचं उदाहरण देत.

हे कमी होतं म्हणून त्याच आठवड्यात तो मागच्या पायानं लंगडला. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. खुब्याचा सांधा झिजत चालला होता. "गोळ्यांवर एखादी स्पर्धा होईल," त्या म्हणाल्या. "त्यानंतर उड्या कायमच्या बंद. आणि सत्यशीलाताई, मी त्या दिवशी जे बोलले ना, ते चुकलंच माझं."

ते ऐकायला तिला सवड कुठं होती? एकच स्पर्धा हातात आणि कुत्रा कापडापुढं बसतोय. तिनं आत मटण ठेवून बघितलं, मागून ढकलून बघितलं, स्वतः रांगत पडद्याखालून जाऊन दाखवलं. बारक्या काही हलेना. तिची झोप उडाली, जेवणावरचं मन उडालं. शेवटी एका दुपारी ती झुंबरबाईंच्या चौकटीत उभी राहिली.

"मावशी, माझं कुत्रं तुमच्या घरात शिरू द्या."

"डोकं फिरलं का गं तुझं?"

"तुमी वरडला तवापास्नं तो पडदा वलांडत न्हाई. तुमीच बलवलं तर यील."

"माज्यामुळं व्हय," म्हातारी पुटपुटली, आणि भाकरीचा तुकडा घेऊन आत जाऊन बसली. रोज दुपारी ती आतून "यू, यू" करायची आणि बारक्या बाहेर कण्हत बसायचा. एके दिवशी पडद्याखालून त्याचं नाक आलं. मग डोकं आलं. मग पोटावर सरपटत, कान पाडून, चोरासारखा अख्खा बारक्या आत आला.

"आलास व्हय रे मुडद्या," झुंबरबाई म्हणाल्या आणि त्याला भाकरी देताना त्यांचे डोळे भरले.

पुढं तो कुणाच्याही घरात शिरायला लागला. गल्लीत बोलणी सुरू झाली की सत्यशीलेनं चांगल्या कुत्र्याला चोरी शिकवली. गहिनीनाथला बाजारात तोंड दाखवायची लाज वाटायला लागली आणि दोघांची चांगलीच जुंपली. तिनं ऐकून घेतलं, पण कुत्र्याला आवरलं नाही. गावातलं नाव नंतर सावरता येईल, पाय सावरता येणार नव्हता.

शेवटची स्पर्धा परत नगरला झाली. बारक्या सुटला तेव्हा सत्यशीला त्याच्याकडं बघतच नव्हती, फक्त मागच्या पायाकडं बघत होती. दांड्या झाल्या. काठ्या झाल्या. कापड आलं. बारक्या क्षणभर मंदावला, आणि डोकं घालून आत गेला. पलीकडून निघाला तो सरळ शेवटच्या दांडीवर. दांडी हललीसुद्धा नाही.

नंबर आला नाही. त्याच्यापेक्षा चपळ कुत्री पुष्कळ होती. पंचांनी नुसतं "बिनचूक" म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं. सत्यशीला मातीत बसून बारक्याच्या मानेत तोंड खुपसून रडली. घरी आल्यावर गहिनीनाथनं विचारलं, "काय मिळालं?"

"चूक न्हाई मिळाली एकबी," ती म्हणाली. तो हसला, आणि भांडण तिथंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बारक्यानं तिला उठवलं. पदर दातात धरून तो तिला मागच्या तुकड्यात घेऊन गेला. तिनं रात्रीच सगळ्या दांड्या काढून जमिनीवर ठेवल्या होत्या. म्हटलं, चालत ओलांडील बिचारा, तेवढाच त्याचा जीव रमेल.

बारक्या पहिल्या दांडीपाशी जाऊन थांबला. पडलेल्या दांडीकडं त्यानं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. ती दोन पावलं पुढं चालली, म्हणाली, "ये, असाच ये." तो आला नाही. अंग ताणून, कान उभे करून, ती दांडी वर लावायची वाट बघत राहिला.

"संपलं रे आता," ती म्हणाली. कुत्र्याला हे कसं सांगायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. गहिनीनाथनं दुकान उघडून तिला हाक मारली, मग परत मारली. ती गेली नाही. ऊन अंगावर आलं तरी ती दांडीपाशी बसलेली होती आणि बारक्या समोर तसाच तयारीत उभा होता.