संस्थेच्या मालकीचं फूल

अख्ख्या पाटोदा तालुक्यात सरकारनं न पुरवलेलं आणि म्हणूनच कधी बंद न पडलेलं एकच यंत्र होतं, ते म्हणजे आमच्या साडूंचं नाक. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो, ती ज्यांना दिली ते हे साडू. पाटोद्याहून आष्टीकडे जाताना माळावर त्यांचं गाव लागतं. गाव त्यांना अण्णा म्हणतं. गावच्या सहकारी दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घेण्याचं काम त्यांच्याकडे. संस्थेत पाणी ओळखायला लॅक्टोमीटर होतं, फॅट काढायला मशीन होतं. पण दूध नासायच्या वाटेवर आहे की नाही हे सांगणारं मशीन नव्हतं. ते काम अण्णा करत. कॅनचं झाकण उचलायचं, नाक पुढं न्यायचं आणि एक तर "वत" म्हणायचं, नाहीतर "ने घरी". या निकालावर अपील नव्हतं. नासका एक कॅन टाकीत गेला की सगळ्या गावाचं दूध शीतकेंद्रावरून परत येतं, हे ठाऊक असल्यानं कुणी अपील करतही नसे.

घरी आल्यावर नाकाला सुट्टी असे असंही नाही. मी एसटीतून उतरून दारात पाय ठेवला की, "पाव्हणं, तंबाखू खाणाऱ्याशेजारी बसून आलात," हे माझं स्वागत. एकदा एका लग्नात त्यांनी मांडवात उभं राहून सांगितलं की बासुंदी पंगत उठेपर्यंत टिकायची नाही. वधूपित्याला राग आला. दुसरी पंगत बसायच्या आत तोच हात जोडून आला आणि बासुंदी मांडवामागं पुरावी लागली. एकदा एका सभासदाला म्हणाले, "तुमच्या म्हशीनं कांद्याची पात खाल्लीय, अन् ती तुमच्या रानातली न्हाई." त्या सभासदाच्या शेजारच्या रानात चुलतभावाचा कांदा होता. त्यावरून त्या भावकीत जो अबोला लागला तो अजून सुटलेला नाही, पण दोन्ही घरं दूध मात्र अण्णांकडेच घालतात.

या नाकाचा दबदबा ज्या एका व्यक्तीवर कधीच पडला नाही ती अक्का. नवऱ्याचं मन राखायला चार शब्द गोड बोलावेत, ही कला तिला कुणी शिकवलीच नाही. संस्थेनं साडूंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, तेव्हा त्यांनी भाषणही केलं. घरी येऊन त्यांनी भाषण कसं झालं म्हणून विचारलं. अक्का म्हणाली, "नारळ बरा निगाला."

मग एका फेब्रुवारीत साडूंना ताप आला. ताप आठवड्यात उतरला. एप्रिलमध्ये संस्थेचं संचालक मंडळ दुग्धव्यवसायाचा अभ्यास करायला काश्मीरला गेलं. काश्मीरलाच का, असं विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. दुधातलं कळणारं एक तरी माणूस सोबत असावं म्हणून साडूंना नेलं होतं. परत आल्यावर ते गावाला न जाता थेट बीडला माझ्याकडे उतरले. घरातल्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला गच्चीवर घेऊन गेले.

"पाव्हणं, कुणाला बोलू नका. तापात माजं नाक गेलं."

मी गच्चीचं दार ओढून घेतलं.

"शेणाचा वास येईना, दुधाचा येईना. तितं एक लई मोठी बाग हाय, ट्यूलिपची. नजर पोचंना इतकी फुलं. आत गेलतो, तर वासच न्हाई. म्हनलं, संपलं. तर तितला माळी म्हनला, चाचा, इस फूल को खुशबू नहीं होती. तुमाला सांगतो, असा आनंद आयुष्यात झाला न्हाई."

इतक्या लांब जाऊन फुलांना वास नाही म्हणून आनंदानं नाचलेले ते बहुधा पहिलेच पर्यटक असावेत. पण माळ्यानं पुढं एक वाफा दाखवला आणि सांगितलं की फक्त या जातीला वास असतो. साडू वाकले. "आल्यावानी वाटलं. खरंच आला का मनाचे खेळ, ते कळंना. तवर अध्यक्षांनी फोटोला बोलिवलं."

तर प्रश्न तिथं अडकला होता. माळ्याशी त्यांनी दोस्ती केली होती आणि त्यानं त्या जातीचे कांदे, म्हणजे लावायचे कंद, पाठवायचं कबूल केलं होतं. ते फूल आपल्या अंगणात फुलवायचं, अध्यक्ष मध्ये येणार नाहीत अशा वेळी त्याचा निवांत वास घ्यायचा, आणि नाक जिवंत आहे की मेलं ते ठरवायचं. "अन् तवर दुधाचं कसं?" मी विचारलं. साडू म्हणाले, "नाक लावतो, पन बघतो त्येच्या तोंडाकडं. ज्येचं दूध इटलंय त्यो कान खाजवतो." चोराच्या मनात चांदणं, या म्हणीवर एक सहकारी संस्था कशी चालते ते त्या वर्षी मी पाहिलं.

वर्षही नेमकं तसंच निघालं. पाऊस रुसला. जनावरं चारा छावणीत गेली, गावात टँकर सुरू झाला, आणि ज्या घरांत दुसरं काहीच येत नव्हतं ती घरं लिटर-दोन लिटर दुधावर चालू लागली. अशात चांगला कॅन घरी धाडणं पाप आणि नासका कॅन ओतून घेणं महापाप. साडू वाळत चालले होते. गाव म्हणे, अण्णांनी दुष्काळाचा लई धसका घेतला.

दिवाळीच्या सुमारास पार्सल आलं. या कांद्यांना लावण्याआधी दोन-अडीच महिने थंडी सोसावी लागते, आणि गावात थंड जागा एकच होती, संस्थेचा फ्रिज. त्यात जनावरांच्या लसी असत. साडूंनी कांदे कागदात गुंडाळून लाळ-खुरकूताच्या लसीशेजारी ठेवले. पुढच्याच सभेत, आयत्या वेळच्या विषयांत, एक सभासद उठला. "सभासदांच्या फ्रिजमदी कांदे कावून?" तासभर चर्चा झाली. शेवटी एकमतानं ठरलं की कांदे ठेवण्यास हरकत नाही, मात्र फूल आल्यास ते संस्थेच्या मालकीचं समजावं आणि प्रत्येक सभासदाला त्याचा वास घेण्याचा समान हक्क राहील. साडूंनी अनुमोदन दिलं. दुसरा काही इलाज नव्हता. पुढं लाइट गेली की ते मोटारसायकलवर पाटोद्याला जाऊन गोणपाटात बर्फ आणत आणि आधी लसी, मग कांदे झाकत. संस्थेच्या इतिहासात लसींची इतकी निगा कधी राखली गेली नव्हती.

थंडीत त्यांनी कांदे लावले. कुंडी म्हणून जुना फुटका कॅन कापून त्याला बुडाशी भोकं पाडली. पाण्याचा प्रश्न आला. टँकरचं पाणी फुलाला घातलं तर गाव तोंडात शेण घालील, आणि घालायलाच हवं. साडूंनी तोडगा काढला. घरच्या पाण्यातला आपल्या आंघोळीचा तांब्या त्यांनी कुंडीच्या नावे केला आणि स्वतः ओल्या फडक्यावर भागवू लागले. अक्का फोनवर माझ्या बायकोला म्हणाली, "फुलाला वास यावा म्हनून मानूस वास मारायलाय. अन् त्येचं त्येला कळंना." नाकाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य ऐकल्यावर ते तिला समजलंय हे मला कळलं.

सगळे कांदे काही टिकले नाहीत. काही सडले, एक उंदरानं नेला, दोन कांद्यांना नुसतीच पानं फुटली. उरलेल्या एकाला कळी आली तेव्हा आम्हाला निरोप आला. पाकळी केशरी, मध्ये जांभळा पट्टा, कडेला हिरवी झाक. संस्थेची निवडणूक तोंडावर असताना तिन्ही पॅनेलांचे रंग एकाच फुलात आल्यामुळे कुणालाच ते आपलं म्हणता येईना.

आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते उमललं. मी लवकर उठून बाहेर आलो तर अंगणात अक्का. पदर सावरून ती फुलावर वाकली होती, डोळे मिटलेले, आणि बराच वेळ तशीच. मी खाकरलो तशी ती झाडायला लागली. ती आत गेल्यावर मीही वाकलो. संत्र्याची साल आणि मध, असा एक वास होता. हलका, पण होता.

मग संस्थेतलं दूध आटोपून साडू आले. तेही वाकले. उठले, पुन्हा वाकले.

तोवर दूध घालून सभासद रिकामे कॅन घेऊन हक्क बजावायला आले. रांग लागली. साडू प्रत्येकाला विचारत होते, "येतो का वास?" अण्णांच्या फुलाला वास नाही म्हणायची कुणाची छाती! एक म्हणाला अत्तर, एक म्हणाला केवडा, एका म्हाताऱ्यानं तर लांबूनच हात जोडून "लई घमघमाट" म्हणून सांगितलं. प्रत्येकाला वाटत होतं आपण अण्णांना खूश करतोय. आणि दर होकारागणिक साडूंचं तोंड उतरत होतं, कारण फुलाला वास असेल तर मग नाक गेलं होतं. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाव्हणं?" मी सर्दीचं निमित्त केलं.

तेवढ्यात अक्का पदराला हात पुसत पुढं आली. फुलाला जेमतेम नाक लावलं आणि रांगेवर कडाडली, "कशाचा वास अन् कशाचं काय! येड्यावानी माना काय डोलावताय? मुकं फूल हाय ह्ये."

साडू तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मोठ्यानं हसले. "ऐकलं का बे? हिनं कंदी माजी बाजू घेतली का? ही म्हनती म्हंजे वास न्हाईच." रांग ओशाळून पांगली. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अक्काला म्हणाले, "गुडघा दुकतोय. चल, झाकनं तू उचल." तेव्हापासून संस्थेत झाकण अक्का उचलते. ती काही बोलत नाही. तिच्या कपाळाला बारीक आठी पडली की साडू म्हणतात, "ने घरी." निकालावर अजूनही अपील नाही, आणि गावाला अण्णांच्या गुडघ्याची काळजी वाटते.

आम्ही निघालो तेव्हा साडू फाट्यापर्यंत सोडायला आले. माझी बायको सावलीला बसली तसे ते मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, सर्दी गेली का?"

"गेली."

"मग सांगा आता. कसा हाय?"

मी सांगितलं. संत्र्याची साल, मध, हलका, लांबून आल्यासारखा. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि परत एकदा सांगायला लावलं. मी पुन्हा सगळं सांगितलं.

"घरी बोलू नका मी इचारलं म्हनून," ते म्हणाले. "इतक्या वर्साच्या संसारात पयल्यांदा माज्यापायी खोटं बोललीय ती."

एवढ्यात बीडची एसटी आली आणि त्यांनी आमची पिशवी आत चढवून दिली.