कसे आहात, हे विचारायचं नाही

एकतीस वर्षं त्या एका रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत बसल्या, म्हणून सगळे त्यांना चौकशीबाईच म्हणत. निवृत्त झाल्या आणि चारच महिन्यांत नवरा गेला, त्याच रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर. त्यानंतर बाईंना काही वाटेनासंच झालं. मुलगी फोनवर विचारायची, "आई, बरी आहेस ना?" त्या "हो" म्हणायच्या. ते खोटंही नव्हतं; दुखत काहीच नव्हतं.

असं दीड वर्ष गेलं. मग रुग्णालयाने दारात एक यंत्रमानव उभा केला. येणाऱ्याचं स्वागत करायचं, कुठे जायचं ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. पहिल्याच आठवड्यात बोंब झाली. वडिलांचा मृतदेह न्यायला आलेल्या एकाला तो उत्साहाने म्हणाला होता, "सुप्रभात! आज कसे आहात?" तेव्हा कुणाला तरी चौकशीबाई आठवल्या.

यंत्राची इंजिनिअर चाळिशीची, मोजकं बोलणारी होती. तळमजल्यावरच्या खोलीत तिने ते चालू केलं. छातीएवढं उंच, पांढरं यंत्र बाईंसमोर कमरेत वाकलं.

"जावयासमोर वाकल्यासारखं काय वाकतंय हे? नुसती मान हलवू दे. तीही जराशी."

"जराशी म्हणजे किती?"

"मी हलवते. तू मोज."

तिने मोजलं. मग विचारलं, "वाक्य कोणतं घालू?"

"आधी हात बघायला शिकव त्याला. कपड्यांची पिशवी असेल तर माणूस राहायला आलाय. फाईल छातीशी धरली असेल तर घाबरलाय. हात मोकळे असतील, तर एक तर रस्ता चुकलाय, नाही तर…" त्या थांबल्या. "त्याच्याशी हळू बोलायचं."

"आणि 'कसे आहात'?"

"ते कुणालाच विचारायचं नाही. बरा असता तर इथे कशाला कडमडला असता? 'या, बसा आधी,' एवढंच म्हणायचं. बसलेल्या माणसाला ऐकू येतं. लहान मुलाला तू, बाकी सगळ्यांना तुम्ही. 'आपण' नको, कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं."

तीन आठवडे बाई रोज आल्या. यंत्राला ऐकवायला एकच वाक्य चाळीस-चाळीस वेळा म्हणाल्या. "किती मनापासून बोलता हो!" इंजिनिअर म्हणाली. बाईंनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मन त्यात नव्हतंच, तोंडाला वळण पडलेलं होतं.

यंत्र पुन्हा दारात गेलं त्या दिवशी बाई खोलीत बसून पडद्यावर ते दार बघत होत्या. अकराच्या सुमाराला त्यांची थोरली नणंद आत आली. भाऊ अत्यवस्थ असल्याचं बाईंनी वेळेत कळवलं नाही, म्हणून तिने बोलणं टाकलं होतं. तिचे दोन्ही हात मोकळे होते.

यंत्राने मान हलवली. "या, बसा आधी."

नणंद मटकन बसली आणि तोंडावर हात धरून रडायला लागली. यंत्र शिकवल्याप्रमाणे काही न बोलता शेजारी उभं राहिलं.

बाई बाहेर आल्या. तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

नणंदेनेच वर पाहिलं. "गाठ आहे म्हणतात. तपासायला तिसऱ्या मजल्यावर बोलावलंय. मला तिथे जाववत नाही." मग यंत्राकडे बघत म्हणाली, "हे तुझ्यासारखं बोलतं गं."

"मीच शिकवलंय, वन्सं."

"मग तेव्हा मला का नाही कळवलंस?"

"नंबर लावला होता. पुढे काय बोलायचं ते सुचलं नाही. ठेवून दिला."

"तुला? तुला सुचलं नाही?"

"नाही."

नणंदेने डोळे पुसले. मग हात पुढे केला. बाईंनी तिला उठवलं आणि दोघी लिफ्टने वर गेल्या. तो दरवाजा, तो बाक, सगळं तिथेच होतं. बाईंना तेव्हाही काही वाटलं नाही. नणंदेने मनगट घट्ट धरलं होतं, तेवढं जाणवलं.

गाठ साधी निघाली. बाई आता आणखी दोन रुग्णालयांतल्या यंत्रांना शिकवायला जातात. नणंद रविवारी येते आणि भावाच्या लहानपणच्या गोष्टी सांगते. बाई ऐकून घेतात. मध्येच कधीतरी "असं काही झालं नव्हतं, वन्सं," म्हणतात, आणि मग दोघींची चांगली जुंपते.