पितराचं पाणी

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. रसायनशास्त्रात एमएस्सी झाले, यवतमाळला एका कॉलेजात शिकवते, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पण बाबा गेल्यावर आईनं शेतातल्या विहिरीचं पाणी प्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या पदवीचा काही उपयोग झाला नाही.

आमचं गाव कळंबच्या अलीकडे. घरी नळ आहे. दिवसाआड येतो, पण येतो. बाबा मात्र जन्मभर विहिरीचंच पाणी प्यायले. फवारणीचा पंपही तिथंच, विहिरीच्या कडेला धुवायचे. मग त्यांच्या किडन्या गेल्या. पाण्यामुळे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. मलाही येत नाही. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं की माणूस तिला कुठं तरी ठेवून देतो. ही गोष्ट मला अजून ठेवता आलेली नाही.

आई रोज शेतातून कॅन भरून आणू लागली. काही म्हटलं की "त्याईच्या विहिरीचं हाये," एवढंच बोलायची.

मी बाटलीभर पाणी कॉलेजात नेलं. आमच्या यंत्रातून पाण्यातली द्रव्यं एकेक करून बाहेर येतात, प्रत्येक आपल्या ठरल्या वेळी, आणि आलेखावर त्याचं टोक उमटतं. कापसावर मारायच्या एका औषधाचं टोक उमटलं. बाबा गेल्यापासून दोन वर्षं त्या विहिरीवर कुणी पंप धुतला नव्हता, तरी ते तिथंच होतं. ही औषधं लवकर जात नाहीत. पाणी उकळा नाही तर फडक्यातून गाळा, त्यांना फरक पडत नाही. मी पुन्हा तपासलं. पुन्हा त्याच वेळेला टोक वर आलं. बाबाही असेच ठरल्या वेळी, दिवेलागणीला शेतातून यायचे, ओट्यावर खोकायचे, मग आत यायचे. यंत्रासमोर बसून मी त्या खोकल्याकडे कान लावला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आईला सांगितलं, हे पाणी पिऊ नको.

"मंग त्याईनं जनमभर जहर पेलं म्हनतं का तू?"



आमच्या विभागात अशी औषधं पाण्यातून काढण्यावरच काम चालतं. काचेच्या पाट्यांवर टायटॅनियमच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर भाजून बसवायचा. भिंतीच्या रंगात असते तीच ही भुकटी. पाटी उन्हात तिरपी ठेवायची आणि तिच्यावरून पाणी फिरवत राहायचं. ऊन पडलं की ती भुकटी औषधाचे तुकडे करते, मग तुकड्यांचेही तुकडे. ऊन तर आमच्याकडे एवढं, की दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. त्या दिवशी घरोघर नवी घागर भरतात आणि गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी जेवायला बसवतात. बसला तो पितर. त्याला पोटभर वाढायचं, त्याच घागरीतलं पाणी पाजायचं. आईनं बाबांच्या दोस्ताला, आमच्या काकांना, सांगून ठेवलं होतं आणि घागर विहिरीच्याच पाण्यानं भरायची, हेही ठरवून टाकलं होतं.

"नळाचं पानी त्याईनं कधी तोंडाले लावलं नाई. वळखतीन कसे?"

म्हणजे आता आईबरोबर काकाही ते पिणार. मी पाट्या गोधडीत गुंडाळून एसटीनं गावी नेल्या आणि स्लॅबवर मांडल्या. दुपारी आई वर आली, टाकीच्या सावलीत बसली.

"काय करून राह्यली?"

"पाणी साफ करते."

"साफच तं दिसून राह्यलं."

"दिसत नाही ते काढते."

"काढलेलं जाते कुठी?"

"बरंचसं हवेत जातं. थोडं मीठ होऊन उरतं."

तिनं वाहत्या पाण्याकडे बोट केलं. "अन त्याच्यासंगं ते बी गेले तं?"

मी हसले नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर हसले असते.

दुसऱ्या दिवसाच्या उन्हानंतर मी एक बाटली यवतमाळला नेली. यंत्र लावलं, वाट पाहिली. ठरलेली वेळ आली आणि गेली. रेघ सपाट. त्या वेळेला कुणीच आलं नाही. यासाठीच तर मी ते सगळं केलं होतं, तरी क्षणभर वाटलं, हाक मारावी, थांबवावं.

अखाजीला काका पाटावर बसले. ताटात पुरणपोळी, कुरड्या, चिंचवणी. घागरीत पाट्यांवरून फिरवलेलं पाणी होतं; आईनं तिच्यात वाळासुद्धा टाकला नव्हता. पाण्याच्या चवीत तिला दुसरं काही नको होतं.

"वाढा वयनी, वाढा," काका म्हणाले. "जित्ता होता तं एक बिडी कधी फुकट देल्ली नाई मले. आज वसूल करतो."

"तुमीच त्याईच्या ढापल्या असतीन," आई म्हणाली. पण तिचे डोळे काकांच्या हातातल्या पेल्यावर होते.

काका प्यायले. मिशा पुसल्या. "खारं हाये. त्याच्याच हिरीचं."

आईनं पदर तोंडाला लावला.

काका गेल्यावर ती ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. तिनं स्वतःसाठी पेला भरून आणला होता. एक घोट घेतला.

"चव तं तेच हाये."

"चव क्षारांची. ते उन्हानं जात नाहीत."

"मंग तू जे काढलं, त्याची चवच नवती?"

"नव्हती."

तिनं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, कोपरापर्यंत, जणू काही दिसेल.

"दोन सालापासून पेऊन राह्यली मी. उनात बसलं तं आंगातलं बी निघते का असं?"

कॉलेजात मला कुणी काही विचारलं की मी उत्तर लांबवते, फळ्याकडे वळते. इथं फळा नव्हता.

"नाही, आई."

ती रडली नाही. पेला संपवला, पालथा ठेवला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

"मंग बसली काहून? उन चाल्लं. अजून एक कॅन भरलेला हाये."